चौथा बोल्ट

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उलटला, की नरेंद्रकाकांच्या घरात झाड आत घ्यायची धांदल उडे. झाड म्हणजे कढीपत्त्याचं. अर्ध्या पिंपाएवढ्या लाकडी कुंडीत वाढलेलं, पुरुषभर उंच, बुंध्याशी मनगटाएवढं जाड. मृणालिनीकाकूंनी ते सव्वीस वर्षांपूर्वी एका बोटभर रोपापासून वाढवलं होतं. उन्हाळाभर ते मागच्या अंगणात उभं असे आणि हिवाळाभर जेवणघरातल्या दक्षिणेच्या खिडकीशी. स्टेट कॉलेज नावाच्या त्या अमेरिकन गावात भारतीय दुकान म्हणावं असं एकच. तिथे कढीपत्ता आला तर आला. त्यामुळे विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मराठी मुलांच्या किती पिढ्यांच्या फोडण्या त्या एका झाडाने सांभाळल्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नव्हती.

शनिवारी सकाळी मुलं येत. काकू स्वतःच्या हाताने डहाळी खुडून देत. त्यांचा नियम एकच होता. दिवस मावळल्यावर झाडाला हात लावायचा नाही. झाड झोपलेलं असतं. नरेंद्रकाका यावर हसत. "फोटोसिंथेसिस बंद असतं गं, झोपलेलं नसतं," असं म्हणून ते रात्रीच्या आमटीसाठी चार पानं हळूच खुडून आणत, आणि काकू बोटांच्या वासावरून त्यांना पकडत.

त्या वर्षी, दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, काकू घरात नव्हत्या. जूनमध्ये मुलीकडे, आसावरीकडे, गाडीने दहा-बारा तासांवरच्या शॉमबर्गला गेल्या असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि बरेचसे शब्द गेले. काका महिनाभर त्यांच्याजवळ राहिले आणि घर आवरून कायमचं तिकडे जायचं म्हणून परतले. मात्र आवरणं काही केल्या संपेना. जुलैत त्यांनी मागचा कठडा रंगवला. ऑगस्टमध्ये छपराच्या पन्हळी साफ केल्या. सप्टेंबरात पुस्तकांची यादी करायला घेतली आणि ती 'क'पाशी थांबली. आसावरी फोनवर विचारी, "बाबा, मग कधी?" आणि काका म्हणत, "अगं, झाड आणायचंय ना. तिला झाड हवंय."

ते खोटं नव्हतं. उरलेल्या मूठभर शब्दांतला एक शब्द काकू रोज झाडावर खर्च करत. पण सामान हलवणाऱ्या कंपन्या जिवंत झाडं नेत नाहीत. मिनीव्हॅनमध्ये कुंडीसकट झाड मावत नव्हतं. आणि मोठा ट्रक हाकायचं आपलं वय गेलं, असं काका स्वतःच म्हणत. शेवटी आसावरीने तोडगा काढला. गाडीमागे जोडायचा लहानसा बंद ट्रेलर भाड्याने घ्या. त्यासाठी गाडीच्या पाठीला, बंपरखाली, एक लोखंडी आडवा दांडा बसवावा लागतो, त्याला हिच म्हणतात. तिने तो इंटरनेटवरून मागवून पाठवूनही दिला. रविवारी सकाळचा ट्रेलर तिने तिकडूनच ठरवून टाकला.

असा तो छत्तीस पौंडांचा काळा दांडा शनिवारी दुपारी काकांच्या घरासमोर, गॅरेजच्या उतारावर, एका जुन्या चादरीवर येऊन पडला होता, आणि त्याच्याशेजारी सत्यजित उकिडवा बसून सूचनांचा कागद वाचत होता.

सत्यजित अकोल्याचा. धातू वारंवार ताण सोसून कसे थकतात, यावर त्याची पीएचडी चालली होती, आणि तिचं चौथं वर्ष सुरू होतं. माणसांत त्याला बोलायला सुचत नसे. तीन वर्षांपूर्वी रूममेट यश त्याला डहाळी मागायला म्हणून या घरी घेऊन आला होता. यश डहाळी घेऊन गेला. सत्यजित मात्र दर शनिवारी येत राहिला. काकू त्याला लसूण सोलायला बसवत आणि काही विचारत नसत. न विचारण्याची एक रीत असते. परदेशात ती फार थोड्यांना साधते. काका एकटेच परतले, तेव्हापासूनही शनिवार चुकला नव्हता. दोघे मिळून आमटी-भात करत, खिडकीशी बसून जेवत, आणि एकमेकांचं मौन ताटाएवढ्याच सहजतेने एकमेकांकडे सरकवत.

"वाचून झालं, की परीक्षा आहे उद्या?" काका म्हणाले. ते बुटक्या स्टुलावर, हातात पाना धरून बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीखाली शिरता येत नसे.

"इंग्लिशमधलं वाचलं. आता फ्रेंच आणि स्पॅनिश राहिलंय."

"व्वा. बोलायला लागला म्हणजे गडी. शिर आता आत. तुझ्या त्या मित्राला का नाही आणलंस, यशला?"

"तो म्हणाला, लेबर लागलं तर दुसरं कुणी बघ, सल्ला लागला तर मी येतो."

काका हसले. त्यांनी तीस वर्षं पुलांची कामं केली होती. सल्ला देणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती.

गाडीची मागची चाकं दोन उतरत्या लोखंडी रॅम्पवर चढवून ठेवली होती, त्यामुळे मागची बाजू उंच आणि नाक खाली. सत्यजित पाठीवर सरकत आत गेला. गाडीखालचं जग वेगळंच असतं. वर रस्त्याच्या मिठाने खाल्लेलं तांबूस लोखंड, नाकात तेलाचा आणि जुन्या चिखलाचा वास, आणि बाहेरच्या दिवसाची फक्त एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत काकांचे तपकिरी बूट दिसत होते. चेहरा दिसत नव्हता.

काम वरवर सोपं होतं. गाडीच्या तळाशी दोन्ही बाजूंना पोकळ चौकोनी कणे असतात. दोन इकडे, दोन तिकडे, असे चार बोल्ट त्या कण्यांच्या आतून खाली डोकवावे लागतात, म्हणजे त्यांत दांडा अडकवून नट आवळता येतो. मात्र आत हात जात नाही. म्हणून टोकाला स्प्रिंगसारखं वेटोळं असलेली एक तार बोल्टाच्या भोकातून आत सारायची, मागच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, वेटोळ्यात बोल्ट पिळायचा आणि मग तार ओढत त्याला आतल्या अंधारातून त्याच्या जागेवर आणायचं. पहिल्या बोल्टाला अर्धा तास लागला. दुसऱ्याला दहा मिनिटं. जागेवर आलेल्या बोल्टावर हाताने दोन आटे नट फिरवून ठेवायचा, म्हणजे तो मागे जात नाही.

"विहिरीत पडलेली कळशी काढतो ना गळाने, तसं आहे हे," काका बाहेरून म्हणाले.

"तुम्ही काढलीय कधी?"

"मी टाकलीय. काढायची आई."

तिसरा बोल्ट आला. चेहरा दिसत नसला, की बोलणं सोपं जातं, हे त्या दुपारी दोघांनाही हळूहळू कळत गेलं असावं. कारण काका जरा वेळाने, आवाज न बदलता, म्हणाले, "ती मला अनिल म्हणते."

सत्यजितचे हात थांबले. "अनिल कोण?"

"तिचा धाकटा भाऊ. जाऊन सोळा वर्षं झाली त्याला. मी समोर बसलो ना, की खूश होते, म्हणते, अनिल आला. डॉक्टर म्हणाले, होतं असं. विरोध करू नका." बूट किंचित हलले. "महिनाभर मी अनिल होतो. चांगला मुलगा होता तो. तसं काही नाही."

कठडा का रंगवला गेला आणि यादी 'क'पाशी का थांबली, ते सत्यजितला त्या चिंचोळ्या पट्टीतून लख्ख दिसलं.

मग त्याने चौथा बोल्ट घेतला. तार आत सारली, बाहेर काढली, वेटोळ्यात बोल्ट पिळला. वेटोळं सैल आहे, हे त्याच्या बोटांना कळलं. आणखी एक पीळ द्यायला हवा होता. तो त्याने दिला नाही. घाई होती म्हणावं तर घाई कुठेच नव्हती. त्याने तार ओढली, आत कुठेतरी ती हलकी झाली, आणि बोल्ट कण्याच्या पोकळीत घरंगळत, खडखडत, गाडीच्या उताराबरोबर पुढे पुढे निघून गेला. बराच वेळ त्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"पडला?" काका म्हणाले.

"पडला."

"दिसतोय?"

त्याने टॉर्च आत रोखून पाहिलं. "नाही."

हिचबरोबर मोजून चारच बोल्ट आले होते. मानेशी चौकोनी असलेला तसा बोल्ट गावातल्या दुकानात मिळत नसे. कंपनीकडून मागवायचा, तर आठवडा. मंगळवारपासून रात्री पाणी गोठेल असं हवामानवाले सांगत होते. एकदा थंडी सुरू झाली, की बंद ट्रेलरमध्ये दहा-बारा तास ते झाड जगणार नाही.

"तीनवर नाही चालायचं?" सत्यजितने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"चारचं काम चारांनीच करायचं. मी पुलांवर दुसरं काही शिकलो नाही." काका उठले, स्टूल सरकल्याचा आवाज आला. "मागवू नवा. तोवर थंडी पडेल. म्हणजे मग एप्रिलच. कळवतो आसावरीला." जरा थांबून ते म्हणाले, "चहा टाकतो. आलं आहे का बघतो."

त्यांची पावलं गॅरेजमधून स्वयंपाकघराकडे गेली. ती पावलं हलकी झाली होती. जड वस्तू खाली ठेवून चालणाऱ्या माणसाची असतात तशी.

सत्यजित तिथेच पडून राहिला. पाठीला काँक्रीटचा गारवा लागत होता. एप्रिल. म्हणजे आणखी पंचवीस-सव्वीस शनिवार. खिडकीशी उभं झाड, बाहेर बर्फ, आत फोडणीचा वास, आणि समोर एक माणूस, ज्याच्यापुढे बोलायला काही शोधावं लागत नाही. त्याच्या मनात एक ऊब हळूच पसरली, आणि त्या उबेच्या बुडाशी काहीतरी बोचलं. कारण बोल्ट कसा काढायचा, हे त्याला तो पडला त्याच क्षणी सुचलं होतं. गाडीची मागची बाजू उंच म्हणून बोल्ट पुढे घरंगळला. गाडी फिरवून पुढची चाकं रॅम्पवर चढवली, तर कणा मागे उतरता होईल आणि हातोडीने ठोकत ठोकत बोल्ट आल्या वाटेने भोकापाशी येईल. शाळेतल्या पोरालाही सुचावं असं ते होतं. त्याने फक्त ते म्हटलं नव्हतं. आयुष्यभर तो न बोलल्याबद्दल स्वतःला दोष देत आला होता. न बोलून आपण काही मिळवू शकतो, हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते कळणं त्याला आवडलं नाही.

आत फोन वाजला. थोड्या वेळाने बूट पुन्हा उतारावर आले, थांबले. काकांच्या कानाला बिनतारी फोन असावा.

"हां, दे तिला," काका म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. तो तरुण झाला, थोडा खट्याळ. एखादा माणूस दुसऱ्याचा सदरा घालून आल्यासारखा.

"हो ताई, अनिलच. … ओळखलंस ना आवाजावरून. … जेवलो. तू?"

गाडीखाली सत्यजितने डोळे मिटले. ऐकू नये असं काही आपण ऐकतो आहोत असं त्याला वाटलं, पण कान मिटता येत नाहीत.

"झाड? … नाही, अजून बाहेरच आहे. घेतो ना आत. थंडी नाही लागू देत." मग बराच वेळ पलीकडून काही येत राहिलं, शब्द शोधत, अडखळत, पुन्हा तेच. काका मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. "कोण? … कोण येणार? … नरेंद्रराव?"

बूट अगदी स्थिर झाले.

"नरेंद्रराव इकडेच आहेत, ताई. … नाही, नाही, विसरले नाहीत. कसे विसरतील. … येतील. … हो, मी सांगतो त्यांना. तू वाट बघते आहेस म्हणून सांगतो."

फोन बंद केल्याचा 'टिक्' असा आवाज आला. काका स्टुलावर बसले नाहीत. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास गॅरेजमधून बाहेर आला, तरीही ते हलले नाहीत.

"काका," सत्यजित म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खाली, लोखंडाला आदळून आल्यासारखा ऐकू आला. "गाडी उलटी करून चढवू या. नाक वर. बोल्ट मागे येईल."

पट्टीतले बूट त्याच्याकडे वळले.

"येईल," काका म्हणाले.

"मला मघाशीच सुचलं होतं. पडला तेव्हाच." त्याला वाटलं, आता पुढचंही बोलून टाकावं; नाहीतर पुन्हा कधी नाही. "मी म्हटलं नाही. तुम्ही जाल म्हणून. आणि वेटोळं सैल होतं, तेही मला कळलं होतं."

मग काका एक हात गाडीवर टेकवून, गुडघ्यांना शिव्या देत, हळूहळू खाली वाकले, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पट्टीत दिसला. आडवा, लालसर, डोळे ओले.

"लेका, मी तीस वर्षं पूल बांधलेत," ते म्हणाले. "उतारावर वस्तू कुठे जाते, ते मला पीएचडीवाल्याने सांगायला हवं का?"

सत्यजितने टॉर्च विझवला.

"मलाही तेव्हाच सुचलं. चहा टाकायला गेलो." त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "नीघ बाहेर. उजेड फार नाही राहिला."

मग दोघांनी भराभर काम केलं. काकांनी गाडी उतरवली, वळवली, नाकाकडून रॅम्पवर चढवली. मागची बाजू जमिनीलगत आली होती. सत्यजित पोटातली हवा सोडून कसाबसा आत गेला. काका पुढून कण्यावर हातोडी ठोकत होते, ठक ठक, थांबून पुन्हा ठक. आणि आत, त्या गंजल्या अंधारात, बोल्ट एकेक बोट मागे सरकत येत होता. एकदा तो अडला. काकांनी आणखी एक ठोका दिला. मग तो सुटला आणि भोकाच्या कडेशी येऊन चमकला. सत्यजितने त्याला दोन बोटांत धरलं, तारेच्या वेटोळ्यात पिळलं, आणि आणखी एक पीळ दिला. मग, कुणी मागितला नसताना, अजून एक.

गाडी पुन्हा पहिल्यासारखी चढवून दांडा वर उचलला, तेव्हा तो चारही बोल्टांवर अलगद बसला. काकांनी टॉर्क रेंच आत सरकवला. हा पाना ठरलेला जोर आला, की 'कट्' असा आवाज करतो. त्याच्यापुढे आवळायचं नाही. पहिला बोल्ट कट्. दुसरा कट्. तिसरा. प्रत्येक आवाजाला काका बाहेरून "हं" म्हणत होते. चौथ्याला सत्यजितला वाटलं, अर्धा वळसा राहू द्यावा. कुणाला कळणार नाही. तो विचार आला, आणि आला तसा गेला. त्याने दोन्ही हातांनी पाना ओढला.

कट्.

"झालं," काका म्हणाले. "आसावरीला सांगतो, उद्या निघतोय." आणि घरात जाता जाता, पाठमोरेच, "तिच्या आईलाही सांगायला सांगतो. नरेंद्रराव येतायत म्हणून. ओळखो नाहीतर न ओळखो."

मावळती मेपलच्या रांगेमागे विझली होती. दोघे मागच्या अंगणात गेले. झाड आत घ्यायचं, फांद्या हलक्या हाताने बांधायच्या, चादरीत गुंडाळायचं, म्हणजे सकाळी थेट ट्रेलरमध्ये चढवता येईल, असं ठरलेलं होतं. सत्यजितने सुतळी काढली. काका कुंडीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि पानांपासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"आत्ता नको," ते म्हणाले.

"का?"

काकांनी त्याच्याकडे न पाहता सांगितलं, "झोपलंय."

सत्यजित हसला नाही. दोघांनी मिळून कुंडी तेवढी धरली, बुंध्याला न लागता, पानांना न लागता, आणि झोपलेल्या मुलाला उचलून नेतात तशी, पावलांचा अंदाज घेत, ती आत आणून खिडकीशी ठेवली. बांधायचं सकाळी, उजाडल्यावर.

मग काकांनी आमटी टाकली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला. सवयीने त्यांचा हात खिडकीकडे गेला आणि परत आला. झाड तिथेच होतं, हाताच्या अंतरावर, काळोखात पानं मिटल्यासारखं उभं. आणि त्या घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कढीपत्त्यावाचून फोडणी बसली.

दोघे खिडकीशी जेवायला बसले. सत्यजितच्या बोटांना तेलाचा आणि गंजाचा वास होता, साबणाने न गेलेला. बाहेर रस्त्यावरच्या दिव्यात मिनीव्हॅनच्या पाठीशी नवा दांडा काळा दिसत होता.

काकांनी पहिला घास घेतला, थांबले. "काही कमी वाटतंय का रे?"

दुसऱ्या कुठल्याही शनिवारी तो "नाही काका" म्हणाला असता. ते शब्द ओठांपर्यंत आलेही होते.

"वाटतंय," सत्यजित म्हणाला.

"मलाही," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या भातावर आणखी एक पळी आमटी वाढली.